मोटर नाही, वीज नाही, तरी हर्सूलचं पाणी शहरभर खेळवलं. विकत आणलेल्या हबशी पोराची, मलिक अंबरची गोष्ट

हर्सूल टी पॉइंटवरून जटवाड्याकडे वळलं की थोड्याच वेळात तलाव दिसतो. पावसाळ्यात तलाव भरला की अख्खं संभाजीनगर तिथं रील काढायला येतं. तुम्हीही काढला असेल. हरसिद्धी मातेचं मंदिर, मध्यवर्ती कारागृह आणि हा तलाव, हर्सूल म्हटलं की लोकांना एवढंच आठवतं.

पण याच भागात, पायाखाली, एक गोष्ट आहे जी तिथं राहणाऱ्या निम्म्या लोकांनाही माहीत नसते. जमिनीखालून जाणारा दगड-चुन्याचा बोगदा. चारशे वर्षांपूर्वीचा. त्यातून हर्सूलच्या खोऱ्यातलं पाणी शहरात जायचं. उपसायला मोट नाही, मोटर तर नाहीच. पाणी स्वतःच्या वजनावर चालत जायचं आणि गल्लीतल्या हौदात पडायचं.

आता हे शहर बघा. कित्येक वसाहतींत नळाला पाणी किती दिवसांनी येणार यावर घरचं वेळापत्रक ठरतं. लग्नाची तारीख काढताना पाण्याचा वार बघणारी घरं मी स्वतः बघितलीत. गंमत नाही, खरं सांगतेय. अशा शहराचा संस्थापक हा त्या काळचा पाण्याच्या बाबतीतला सगळ्यात डोकेबाज माणूस होता, हे ऐकलं की आधी हसू येतं, मग जरा राग येतो.

त्या माणसाचं नाव मलिक अंबर. नहर-ए-अंबरी त्याचीच.

शाळेच्या पुस्तकात त्याची एक-दोन ओळींत ओळख होते. निजामशाहीचा वजीर, गनिमी काव्याचा जाणकार, पुढचा धडा. पण तो इथपर्यंत आला कसा, हे बघायला थोडं लांबून सुरू करावं लागतं. थोडं म्हणजे आफ्रिकेतून.

साधारण १५४८ च्या आसपास आजच्या इथिओपियात एक मुलगा जन्माला आला. नाव चापू. हे नावही वेगवेगळ्या ठिकाणी जरा वेगवेगळं लिहिलेलं सापडतं. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात पोहोचला. त्या काळी तांबड्या समुद्राच्या दोन्ही बाजूंनी माणसांचा व्यापार जोरात होता. लढाईत पकडलेली, पळवलेली, कधी गरिबीपायी घरच्यांनीच विकलेली पोरं बंदरांवर यायची. येमेनच्या मोखा बंदरात त्याला विकलं गेलं. पुढे एका डच व्यापाऱ्याने त्याची किंमतसुद्धा लिहून ठेवली, ८० गिल्डर. एका माणसाची किंमत अशी आकड्यात वाचताना कसंतरीच होतं.

मोख्यातून तो बगदादला गेला. तिथल्या मीर कासिम नावाच्या मालकाला हे पोरगं हुशार वाटलं. त्याने त्याला लिहाय-वाचायला शिकवलं, हिशेब शिकवला, कारभार शिकवला आणि नाव ठेवलं अंबर. अंबर म्हणजे समुद्रात सापडणारा महागडा सुगंधी पदार्थ. गुलामांना अशी मौल्यवान वस्तूंची नावं द्यायची तेव्हा पद्धतच होती.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. इराण-इराकच्या त्या पट्ट्यात पाऊस कमी आणि ऊन कडक. म्हणून तिकडच्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी एक युक्ती काढली होती. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी शोधायचं आणि हलक्या उताराचा बोगदा खणून ते जमिनीखालूनच गावापर्यंत आणायचं. वर ऊन कितीही असो, खाली पाण्याची वाफ होत नाही. याला कनात म्हणतात. अंबरने बगदादकडे असताना असं काही जवळून बघितलं का, हा अंदाजाचा भाग. पण या सगळ्या प्रदेशातून तो आला होता, एवढं नक्की.

१५७० च्या दशकात त्याला दख्खनमध्ये आणलं गेलं. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा होता चंगीझ खान. (तो मंगोलवाला नव्हे, नाव तेवढं एक.) हा चंगीझ खान स्वतः एकेकाळचा हबशी गुलाम. दख्खनमध्ये हे शक्य होतं. हबशी म्हणजे आफ्रिकन सैनिक इथं सुलतानांना हवे असायचे, कारण त्यांना स्थानिक जात-भाऊबंदकीशी देणंघेणं नसायचं. मालकाशी निष्ठा ठेवायची आणि वर चढायचं. अंबरने आपल्या मालकाकडे राजकारण कसं चालतं ते जवळून बघितलं.

काही वर्षांतच चंगीझ खान गेला. त्याच्या बायकोने अंबरला मुक्त केलं.

मुक्त तर झाला, पण खिशात काय? काहीच नाही. मग विजापूर, गोवळकोंडा असं करत तो नोकरीसाठी फिरला. भाडोत्री घोडेस्वारांची तुकडी घेऊन जिथं पगार तिथं चाकरी. विजापुरात त्याला मलिक ही पदवी मिळाली. १५९५ च्या सुमारास तो पुन्हा निजामशाहीत आला तेव्हा त्याच्याकडे जेमतेम दीडशे घोडेस्वार होते.

आणि त्याच वेळी उत्तरेतून मुघल आले.

चांदबीबीने अहमदनगरचा किल्ला कसा लढवला हे आपल्याला माहीत आहे. १६०० साली चांदबीबी मारली गेली, किल्ला पडला, सुलतान कैदेत गेला. कागदोपत्री निजामशाही संपली. अकबराच्या दरबारात तरी तसंच समजलं गेलं असणार.

अंबरने मात्र निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून काढला, त्याला मुर्तझा निजामशहा दुसरा म्हणून परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली आणि स्वतः पेशवा झाला. राजा त्याचा, फौज त्याची, जावईही त्याचाच. बाजारात विकला गेलेला मुलगा पन्नाशी ओलांडल्यावर एका राज्याचा कर्ता झाला.

तो संत वगैरे नव्हता हेही सांगायला हवं. काही वर्षांनी जावयाशी बिनसलं. डच नोंदीनुसार सुलतानाच्या थोरल्या राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं, आणि पुढे सुलतान आणि ती राणी दोघंही विषप्रयोगाने गेली. हे अंबरनेच घडवलं असं मानलं जातं. मग पाच वर्षांच्या मुलाला गादीवर बसवून अंबरचा कारभार पुढे चालू. सत्तेच्या खेळात तो इतरांसारखाच होता.

राजधानी परांड्याहून जुन्नर, मग दौलताबाद आणि १६१० साली दौलताबादजवळचं खडकी नावाचं छोटं गाव. गावाच्या नावातच सगळं आलं. खडकाळ जागा. आजूबाजूला डोंगर, मध्ये खाम नदी, आणि जमिनीत दोन-चार हात खाली गेलं की काळा पाषाण.

इथं शहर वसवायचं म्हणजे पहिला प्रश्न पाण्याचा. खाम ही जटवाड्याच्या डोंगरात उगम पावून हर्सूलवरून शहरात येते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते. काळ्या खडकात विहीर खणणं म्हणजे सुरुंगाची दारू आणि नशीब, दोन्ही लागतं. अंबरकडे तर हजारो सैनिक, घोडे, बैल, कारागीर, त्यांची बायका-पोरं. मराठा सरदारांच्या नावांनी इथं पुरे वसले. मालपुरा मालोजींचा, खेलपुरा खेलोजींचा, परसपुरा परसोजींचा आणि विठापुरा विठोजींचा. एवढ्या सगळ्यांना प्यायला पाणी कुठून आणणार?

इथं हर्सूल येतं.

आपल्या मराठवाड्याची जमीन म्हणजे थरांचा केक समजा. लाव्हारसाचे एकावर एक थर. वरचा थर झिजून मुरूम झालेला, भुसभुशीत, पाणी पिणारा. खाली अखंड कातळ, पाणी न पिणारा. पाऊस पडला की पाणी मुरमात मुरतं, कातळाला टेकतं आणि उताराच्या दिशेने हळूहळू सरकत राहतं. नदी वरून कोरडी दिसते तेव्हाही तिच्या पात्राखालून आणि काठांतून हा झिरपा चालूच असतो. ज्याने कोरड्या नदीत हाताने झिरा उकरून तांब्या भरलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

अंबरच्या माणसांनी हर्सूल-सावंगीकडच्या डोंगरपायथ्याचं हेच मुरलेलं पाणी पकडलं. जमिनीखाली बोगदा खणला. भिंती अशा ठेवल्या की आजूबाजूचं पाणी झिरपून आत यावं. म्हणजे उलट्या टाकीसारखं. आपण टाकी गळू नये म्हणून धडपडतो, हा बोगदा बाहेरून आत गळावा म्हणून बांधलेला.

मग या बोगद्याला शहराच्या दिशेने उतार दिला. हर्सूलचा भाग शहरापेक्षा उंचावर. त्यामुळे पाण्याला ढकलावं लागत नाही, ते निघतंच. पण उतार किती द्यायचा, यातच सगळी कारागिरी आहे. जास्त दिला तर पाणी वेगाने धावतं आणि चुन्याची जोडणी खरवडून काढतं. कमी दिला तर गाळ बसतो आणि दोन-चार पावसाळ्यांत बोगदा बुजतो. काही किलोमीटर अंतरात हा बेताचा उतार जमिनीखाली, अंधारात, दिव्याच्या उजेडात सांभाळायचा. आज आपल्याला लेझर लेव्हल घेऊनही बाथरूमचा उतार मोरीकडे नीट काढून मिळत नाही! (आमच्याकडे पाणी अजूनही दाराकडे येतं.)

बोगद्यावर ठरावीक अंतराने वर उघडणारी तोंडं ठेवली. आजच्या भाषेत मॅनहोल. खणताना माती वर काढायला आणि कामगारांना हवा मिळायला त्यांचा उपयोग, आणि नंतर आत उतरून गाळ काढायला. म्हणजे बांधतानाच दुरुस्तीचा विचार केला होता.

हा झाला अर्धा भाग. दुसरा भाग मला जास्त भारी वाटतो.

शहराजवळ आल्यावर पाणी बोगद्यातून खापरी नळांत जायचं. खापरी नळ म्हणजे भाजलेल्या मातीचे पाईप, एकात एक बसवलेले, वरून चुन्याच्या काँक्रीटचं जाड आवरण. शहर सपाट नाही. कुठे खोलगट, कुठे चढ. मग पाणी चढावर कसं गेलं?

व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतो की मलिक अंबरने पाणी उलटं डोंगरावर चढवलं. तसं काही नसतं. निसर्गाचे नियम त्यालाही लागू होते. गवंडीकाम बघितलंय? मिस्त्री एका पारदर्शक नळीत पाणी भरतो, एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला धरतो आणि दोन्हीकडे पाणी जिथं थांबेल तिथं खूण करतो. मधे नळी जमिनीवर लोळत असली तरी दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीवर येतं. बस, हेच. पाईप बंद असेल तर पाणी खोलगट भागात उतरून पलीकडच्या चढावर पुन्हा वर येतं. फक्त एकच अट. जिथून निघालं त्या पातळीपेक्षा जास्त वर जाणार नाही. वाटेतल्या घर्षणामुळे थोडं खालीच राहील. हर्सूल उंच आहे म्हणून शहरातल्या हौदापर्यंत पाणी येऊ शकलं.

पण यात एक धोका आहे. पाणी जितकं खाली उतरतं तितका दाब वाढतो. दर १० मीटरला साधारण १ किलो, तोही प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर. मातीचा पाईप हा दाब फार काळ सोसणार नाही, फुटेल. त्यात पाईपमध्ये हवा अडकली तर आणखी कटकट. खूप दिवसांनी पाणी आलं की आपला नळ आधी कसा फुरफुरतो, थुंकतो, मग धार धरतो, ती अडकलेली हवा.

यावर उपाय म्हणून वाटेत दगडी मनोरे बांधले. आजही शहरात जुन्या भागात असे एकटेच उभे असलेले चौकोनी खांब दिसतात आणि लोकांना वाटतं कुठल्या तरी पडक्या वाड्याचे असतील. एका बाजूने पाईप खांबात वर चढतो, वरच्या छोट्या हौदात पाणी उघड्यावर येतं, दुसऱ्या पाईपने पुन्हा खाली उतरतं. वर पाणी मोकळं झालं की हवा निघून जाते. गाळ खाली बसतो. आणि दाबाचा हिशेब तिथं नव्याने सुरू होतो, कारण प्रत्येक मनोरा मागच्यापेक्षा जरा बुटका. पुण्यात कात्रजहून शनिवारवाड्याकडे येणाऱ्या पेशवेकालीन नळावर अशीच बांधकामं आहेत, त्यांना उच्छ्वास म्हणतात. इतकं चपखल नाव क्वचितच मिळतं. पाणी तिथं खरंच श्वास सोडतं.

कात्रजची योजना अठराव्या शतकातली. खडकीची त्याच्या सव्वाशे वर्षं आधीची.

हे सगळं अंबरने शून्यातून शोधलं असंही समजू नका. अहमदनगरला निजामशाहीत आधीपासून खापरी नळांच्या योजना होत्या, आणि अंबर तिथंच वाढला. बिदरला पंधराव्या शतकातली कनात आहे. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे बुऱ्हाणपूर. तिथं १६१५ मध्ये कुंडी भंडारा नावाची अशीच भूमिगत योजना झाली, ती अब्दुल रहीम खान-ए-खानानच्या काळात. हा तोच रहीम, दोह्यांवाला, आणि अंबरविरुद्ध लढणारा मुघल सेनापती. म्हणजे रणांगणावर एकमेकांच्या मुळावर उठलेले दोघे घरी जाऊन पाण्याचं एकच गणित सोडवत होते.

अंबरचं वेगळेपण हे की त्याने अशी योजना नव्या शहराचा पाया म्हणून आखली. शहर आधी आणि पाणी मागून, असा क्रम नव्हता. स्थानिक इतिहासात असं सांगतात की दरबारातल्या जाणत्यांनी या कल्पनेची टिंगल केली होती, आणि तरी काम पंधरा महिन्यांत, अडीच लाखांच्या खर्चात उरकलं. आकड्यांचं ज्याचं त्याने बघावं, टिंगल झाली असणार यावर माझा मात्र लगेच विश्वास बसतो.

पाणी आलं आणि खडकी वाढली. १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा राहिला, मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून. १६१६ च्या सुमारास नौखंडा महाल. मशिदी, बाजार. पीटर व्हॅन डेन ब्रुक हा डच व्यापारी १६१७ मध्ये अंबरला भेटला. वर गुलामाची किंमत लिहिणारा म्हटलं तो हाच. त्याने अंबरचं वर्णन केलंय ते उंच, धिप्पाड, करारी चेहऱ्याचा माणूस असं. लोकांत त्याच्याबद्दल आदर आहे आणि त्याच्या मुलुखात शिस्त आहे, असाही त्याचा अनुभव होता.

ही शिस्त शेतसाऱ्यातही दिसते. जमिनीचा कस बघून सारा ठरवायचा, पिकाच्या अंदाजावर, शक्यतो रोख रकमेत, आणि मधले मक्तेदार बाजूला करायचे. मलिकंबरी धारा म्हणून ही पद्धत नंतरही कितीतरी वर्षं दख्खनमध्ये ओळखली जात होती.

उत्तरेत मात्र जहांगीरचा तोल सुटत चालला होता. एवढं मोठं साम्राज्य, आणि एक म्हातारा हबशी त्याला दक्षिणेत पाय रोवू देत नाही. अंबरचे हलके मराठा घोडेस्वार समोरासमोर लढायचेच नाहीत. रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, डोंगरात गायब व्हायचं. जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात अंबरचा उल्लेख जवळपास शिवी दिल्याशिवाय केलेला नाही. १६१६ च्या सुमारास त्याने अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात अंबर तेव्हा जिवंत होता आणि पुढची दहा वर्षं राहिला. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. मीम कल्चर आत्ताचं नाही, एवढंच म्हणेन.

पण १६१६ हे वर्ष अंबरलाही जड गेलं. रोषणगावच्या लढाईत मुघलांनी त्याला हरवलं आणि फौज थेट खडकीत घुसली. नवं कोरं शहर लुटलं, जाळलं, पाडलं. पाच वर्षांनी, १६२१ मध्ये, शाहजादा खुर्रम म्हणजे पुढचा शहाजहान दक्षिणेत आला आणि खडकीची पुन्हा तीच गत. अंबरने दोन्ही वेळा तह केले, मुलूख सोडला, खंडणी कबूल केली आणि परत येऊन बस्तान बसवलं. वरची घरं जळाली. जमिनीखालची नहर मात्र पुढच्या राज्यकर्त्यांच्या शहरालाही पाणी पाजत राहिली.

आणि मग १६२४, भातवडी.

अहमदनगरजवळच्या या गावात मुघल आणि विजापूर अशा दोन फौजा एकत्र अंबरवर चालून आल्या. अंबर पंचाहत्तरीच्या घरात. त्याच्या बाजूला शहाजीराजे भोसले, शरीफजी आणि इतर भोसले मंडळी. पलीकडे मुघलांच्या बाजूने लखुजी जाधवराव, म्हणजे शहाजीराजांचे सासरे. भातवडीला एक तलाव होता. अंबरने त्याचा बांध फोडला. पाणी शत्रूच्या तळाकडे सुटलं, जमिनीचा चिखल झाला, घोडे आणि तोफा रुतल्या. वरून रात्रीचे छापे, रसद बंद. दोन बलाढ्य फौजांचा धुव्वा उडाला. शरीफजी या लढाईत कामी आले. शहाजीराजांचं नाव दख्खनभर झालं. पुढे शिवरायांच्या काळात कवींद्र परमानंदाने शिवभारत लिहिलं तेव्हा त्यातही या लढाईला आणि अंबरच्या पराक्रमाला जागा मिळाली.

उतार कुठे आहे आणि सोडलेलं पाणी कुठे जाईल, हे ज्याला खडकीत कळत होतं त्याला भातवडीतही कळलं. मला तरी या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

१६२६ च्या मे महिन्यात अंबर गेला. वय ऐंशीच्या आसपास. शेवटपर्यंत कुणी त्याला गादीवरून खाली ओढू शकलं नाही, कारण तो गादीवर कधी बसलाच नाही. खुलदाबादला त्याची कबर आहे, शेजारी त्याच्या बायकोची, बीबी करीमाची. वेरूळला जाणाऱ्या गाड्या तिथून जवळूनच जातात. जहांगीरच्या दरबारातल्याच मुतमद खान या इतिहासकाराने तो मेल्यावर त्याची तोंडभरून स्तुती लिहिली. लढाईत आणि कारभारात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता, असा त्याचा सूर. जिवंतपणी शिव्या आणि मेल्यावर कौतुक, तेही शत्रूकडून.

मुलगा फत्तेखान याने शहराचं नाव फत्तेनगर ठेवलं. त्याला ना बापाची युद्धनीती जमली ना राजकारण. १६३३ मध्ये दौलताबाद पडलं आणि निजामशाहीचा कणा मोडला. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि शहर औरंगाबाद झालं. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नाव तीन वेळा बदललं, पाण्याची वाट मात्र बराच काळ तीच राहिली.

मुघल काळात आणि नंतरही शहरात अंबरच्या नहरीच्या धर्तीवर आणखी नहरी निघाल्या. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध पाणचक्कीची. तीही हर्सूलकडूनच आलेली. पाणी बंद नळातून एका उंच भिंतीवर चढतं आणि तिथून हौदात कोसळतं. त्या धारेवर खाली पंखा फिरायचा आणि त्याला जोडलेलं जातं दळायचं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांचं, अनाथांचं, वाटसरूंचं पीठ त्यावर व्हायचं. शाळेच्या सहलीत आपण सगळे तिथं माशांना लाह्या टाकून आलोय. पाणी कुठून येतं, हे विचारल्याचं कुणालाच आठवत नाही.

आता जरा आजचा हिशेब. शहराचं मुख्य पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं. धरण पूर्ण भरलं की पाण्याची पातळी १५२२ फूट, म्हणजे साधारण ४६४ मीटर. शहर समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या पुढे. म्हणजे पाणी नुसतं आडवं आणायचं नाही, जवळपास १०० मीटर वर चढवायचं. एक हजार लिटर पाणी १०० मीटर उचलायला, पंपाची कसलीही घट न धरता, पाव युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एक कोटी लिटरला हे २,७०० युनिट झाले, आणि शहराला रोज कितीतरी कोटी लिटर लागतं. शिवाय पंपाची घट, पाईपमधलं घर्षण, गळती वेगळी. वीज गेली की पंप बंद, जलवाहिनी फुटली की पुरवठा बंद, आणि आपला नंबर दोन दिवस पुढे.

याचा अर्थ जायकवाडी नको आणि नहर पुन्हा सुरू करा, असा अजिबात नाही. आजच्या लोकसंख्येला नहरीचं पाणी पुरणार नाही, उगाच भावनिक व्हायचं कारण नाही. पण नहरीचं पाणी फुकट चढाव न चढता येत होतं, आणि बाग, हौद, धुणंभांडी, नदीत सोडणं अशा कितीतरी गोष्टींना ते चाललं असतं. हर्सूल तलावाचं पाणी आजही जुन्या शहरातल्या काही वसाहतींना जातं, म्हणजे उत्तरेकडच्या उंचीचा फायदा आपण पूर्ण विसरलेलो नाही.

नहरीचं काय झालं? कुणी एका दिवशी तोडली नाही. वर प्लॉट पडले, पाया खणताना बोगदा लागला, मिस्त्रीने तो मातीने बुजवून कॉलम उभा केला. कुठे मॅनहोलमध्ये कचरा. कुठे ड्रेनेजची लाईन नहरीला छेदून गेली. आणि उरलेलं काम बोअरवेलनी केलं. हर्सूल, जटवाडा, सावंगी या पट्ट्यात घरं वाढली तसे बोअर वाढले, आणि जे पाणी मुरमातून झिरपून नहरीत यायचं ते आधीच दोनशे-तीनशे फूट खाली ओढलं जाऊ लागलं. बोगदा शाबूत असला तरी त्यात यायला पाणीच नको का. पाऊस कमी झाला की पाणचक्कीची धार बारीक होते, ती याच कारणाने.

तरी काही तुकड्यांत अजून पाणी आहे. वारसा जपणारे लोक, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी दिवे घेऊन आत उतरतात, मोजमापं घेतात. खाम नदीचं काम गेल्या काही वर्षांत झालं, तेव्हाही नहरींचा विषय पुन्हा निघाला.

हर्सूल भागात तुमचा प्लॉट असेल आणि खणताना दगड-चुन्याची कमान लागली, तर बुजवण्याआधी एक फोटो काढा, आणि कान लावून बघा. काही ठिकाणी आवाज येतो.